आदरणीय पालक डोमाजी

डोमाजी तुरकर ज्या खेळाडूला मैदानात लाल कार्ड दाखवतात, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच घरी चहा प्यायला जातात. हा चहा सुखासुखी होतो असं समजू नका. आधी अंगणात उभं राहून ते सगळ्या घराला झाडतात.

"अरविंदची माय कोठी आहे? बाहेर ये म्हणा! तुमच्या पोट्ट्यानं काल माज्या डोळ्यासमोर दुसऱ्याले कोपर हाणलं. हेच शिकवून राहिले का तुम्ही त्याले?"

माय पदर सावरत माफी मागते, बाप जमिनीकडे बघतो, पोरगा गोठ्यात लपतो. मग डोमाजी खाटेवर टेकतात. "आता चाय ठेवा. साखर जास्त टाका, डोकं गरम आहे."

मी आमगावच्या आमच्या कबड्डी लीगचा सचिव. डोमाजी राइस मिलमधून निवृत्त झालेले, आमचे सगळ्यात जुने पंच. गळ्यातली शिट्टी ते आठवडी बाजारातही काढत नाहीत. वांगी सडकी निघाली म्हणून त्यांनी एकदा भाजीवालीला हिरवं कार्ड दाखवलं. हिरवं म्हणजे ताकीद. तिनं त्यांना जे दाखवलं ते इथे लिहिता येणार नाही.

या माणसानं मला पार हैराण करून सोडलं होतं. तक्रारी सगळ्या माझ्याकडे. गोंदियाचा एक बाप तर फोनवर ओरडला, "सेक्रेटरी साहब, ये रेफरी है कि हमारा समधी?"

शेवटी मी गोंदियाहून एक ॲप बनवून आणलं. सामना चालू असताना टेबलावर बसून कार्ड नोंदवायचं, बाकी सगळं आपोआप. पिवळ्या कार्डांची मोजणी आपोआप, दोन झाली की पुढच्या सामन्याची बंदी आपोआप, पालकाच्या मोबाइलवर संदेश आपोआप. पोरं शाळा-कॉलेजातली, म्हणून नोंदणीच्या फॉर्मात 'काही झालं तर कोणाला कळवायचं' तिथे पालकाचा नंबर सक्तीचा. पंचांच्या बैठकीत मी ठणकावलं, "यापुढे कोणीही खेळाडूच्या घरी जायचं नाही."

डोमाजी ताडकन उठले. "काऊन? तुजा मोबाइल त्याच्या मायच्या डोळ्यात पाहून सांगन का?"

"नियम आहे, डोमाजी."

"मले नियम शिकवून राहिला? मी शिट्टी वाजवत होतो तवा तू नाक पुसत होता!"

त्यांनी खुर्ची लाथाडली, शिट्टी टेबलावर आपटली, पुन्हा उचलून गळ्यात घातली आणि निघून गेले. त्यानंतर मात्र सामन्याला शिट्टी वाजवायला यायचे, तेवढंच. कोणाच्या घरी जाणं नाही, भांडण नाही. मला वाटलं, जिरली.

मग आला उपांत्य सामना. टोल्यावरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीच्या संघाचा अरविंद, त्यांचा सगळ्यात दमदार चढाईपटू, मांडी थोपटत मैदानात उतरला आणि माझ्यासमोरच्या ॲपमध्ये त्याचं नाव लाल झालं. बंदी! समोरचा संघ खवळला, प्रेक्षक ओरडायला लागले.

"मले कोणीच नाई सांगितलं जी," अरविंद रडकुंडीला आला.

माझं टाळकंच सरकलं. संदेश गेला होता, पोचल्याची खूणही होती. पोराला निरोप देत नाही म्हणजे कसला बाप हा! सगळ्यांदेखत चार शब्द ऐकवायचेच म्हणून मी ॲपमधलं पालकाला फोन लावायचं बटण दाबलं.

घंटी वाजली मैदानाच्या मधोमध. डोमाजींच्या खिशात.

सगळं मैदान हसलं, मी सोडून. तपासलं तर टोल्यावरच्या संघातल्या प्रत्येक पोराच्या पालकाचा नंबर तोच. अरविंदला बाहेर बसवलं आणि विचारलं, हा काय चावटपणा?

"कायी झालं तर कोणाले कळवायचं, असं होतं ना जी फॉर्मात," तो म्हणाला. "कार्ड झालं का तेच येतेत घरी. आमचा बाप कधी मॅच पाहाले तरी आला का?"

त्याचा संघ त्याच्याविना कसाबसा जिंकला. पण माझा राग काही उतरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट डोमाजींच्या अंगणात उभा राहिलो आणि आवाज चढवला. "एवढे संदेश आले, एकालाही सांगितलं का नाही?"

"तूच म्हटलं ना, घरी जाऊ नको! नाई गेलो!" ते माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले. मग आत वळले. "बस. साखर जास्त टाकतो, तुजं डोकं गरम आहे."

घरात दुसरं माणूस नाही. बायको जाऊन वर्षं झाली, मूलबाळ झालंच नाही. चहाला कप एकच होता. तो त्यांनी मला दिला आणि स्वतः पेल्यातून प्यायले. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचाही राग आला.

"आजच खऱ्या पालकांचे नंबर टाकतो," मी म्हणालो. "तुमच्या मागची कटकट जाईल."

त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. "हे वाच. मोठ्यानं."

"आदरणीय पालक, आपल्या पाल्यावर एका सामन्याची बंदी..."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. मग एकदम भडकले, "नंबराले हात लावशीन तर याद राख!"

मी हात लावला नाही. घरी जाण्यावरची बंदीही मुकाट्यानं उठवली.

अंतिम सामन्यात अरविंदनं पुन्हा एकाला कोपर हाणलं. डोमाजींनी शिट्टी फुंकली, पिवळं कार्ड दाखवलं. मी टेबलावर नोंद केली. त्यांचा खिसा वाजला. त्यांनी सामना थांबवला, चष्मा लावला आणि ओठ हलवत पूर्ण संदेश वाचला, जणू त्यांना काही ठाऊकच नव्हतं. मग फोन नाचवत ते त्याच्या अंगावर धावले.

"अरविंद्या! नाव घालवलं बे माजं! आत्ताच मेसेज आला मले!"