पिढीजात प्रेशर

पुतणीला आनंदाने काही सुचत नव्हतं. उच्च रक्तदाब घराण्यातून कसा उतरतो, या तिच्या अभ्यासाला एक कुटुंब कमी पडत होतं. नाव कळवायचा आज शेवटचा दिवस होता आणि कुटुंब सापडलं ते तिच्याच घरात. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हा असा.

काका, आत्या आणि तिचे वडील, तिन्ही भावंडांना प्रेशर, आजोबांकडून, म्हणजे अण्णांकडून आलेलं. या घरात जो आधी "माझं प्रेशर वाढलं" म्हणे, तो भांडण जिंकत असे. मोजायची वेळ कधी आलीच नव्हती, कारण तोवर समोरचा गप्प झालेला असे.

काकांनी ऐटीत बाही वर केली.

"एकशे सोळा, पंचाहत्तर," पुतणी हिरमुसून म्हणाली. "काका, आज गोळी घेतलीत का?"

"गोळ्या आजारी माणसं घेतात. आमचं पिढीजात आहे."

आत्याचं एकशे बारा निघालं, वडिलांचं त्याहून कमी.

"अण्णांचं नाव घालवलंत," आत्या दोघा भावांवर करवादली.

काका दोनदा जिना चढून आले. पण मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचा नियम होता, आणि तेवढ्यात काका पुन्हा ठणठणीत झाले.

"यंत्रच बिघडलंय," ते म्हणाले. "हिला लावून बघ. हिला कधी काही होत नाही."

काकूने हात पुसून पुढे केला. एकशे बहात्तर, शंभर. पुतणीने पुन्हा मोजलं. तेच.

"काकू, तुला माहीत होतं?"

"दहा वर्षं गोळी घेतेय. आज तुमच्या गडबडीत राहिली. माझी आई, दोघं भाऊ, तिघी बहिणी, सगळ्यांना आहे. मला कुणी विचारलंच नाही."

पुतणीने ताडकन उठून तिच्या अभ्यासाच्या मार्गदर्शक मॅडमना फोन लावला. कुटुंब पसंत पडलं. अट एकच, आठ दिवस सगळ्यांची मोजणी एकाच घरी व्हायला हवी. काकूने तेवढ्यात भावाला कळवूनही टाकलं.

काका कोपऱ्यात बसून स्वतःच्या दंडाला पट्टा बांधत होते. अजून त्यांनी आशा सोडली नव्हती.

"कोण येतंय?" त्यांनी बटण दाबत विचारलं.

"माझं सगळं माहेर," काकू म्हणाली. "आठ दिवस राहायला."

आकडा चढत गेला आणि एकशे चोपन्नावर थांबला.

"बघ, मी सांगत नव्हतो? वडिलांकडून आलंय," काका अभिमानाने म्हणाले.

पुतणीने आकडा वहीत टिपून घेतला.

"नाही काका. हे सासुरवाडीकडून आलंय."