बोडीत उतरलेला लोडर

विकत घ्यायच्या वस्तूची पारख कशी करावी, हे मला कोणी शिकवू नये! आमच्या लाखनी भागात बैल घ्यायचा असो, हल्या, म्हणजे रेडा, घ्यायचा असो की पाण्याचं इंजिन, लोक आधी मला बोलावतात. मी वस्तूभोवती एक फेरी मारतो, "हूं" म्हणतो आणि सौदा पक्का होतो. माझ्या "हूं"ला तालुक्यात वजन आहे. (सासुरवाडीत जरा कमी आहे, पण ते सोडा.)

तर गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातली. आमची बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारा गावचा छोटा तलाव, गाळाने भरत आली होती. आदल्या वर्षी ऐन लोंब्या भरायच्या वेळी पाणी संपलं आणि खालच्या बांध्यांतलं, म्हणजे शेतांतलं, धान उभ्या उभ्या वाळलं. गाळ काढायचं दरवर्षी ठरायचं. पण पहिला म्हणायचा, दुसरा येऊ दे. दुसरा म्हणायचा, तिसरा कुठे आहे? शेवटी बोडीत फक्त म्हशी जायच्या, त्याही लोळायला.

अशात मी बातमी आणली. नाकाडोंगरीकडच्या एका खाणीवरचं काम आटोपलेले ठेकेदार पुंडलिकराव आपला जुना लोडर विकत होते. लोडर म्हणजे समोर भलंमोठं लोखंडी सूप लावलेली बुटकी, पिवळी गाडी. साऱ्या गावाचा गाळ एकटी उचलेल! गावाने सभा भरवली. वर्गणी सगळ्यांनी काढायची, पण घ्यायचा की नाही ते केवळरामजी सांगतील, असं ठरलं. केवळरामजी म्हणजे मीच! सभेतून घरी आलो तो अंगणात मावत नव्हतो.

"इतके फुगू नोका," आमच्या शकुंतलाबाई म्हणाल्या. "तुमाले सायकल तं धड चालवता येत नाही."

"बैल येते नं हाकता?"

"लोडर बैल आहे काय जी?"

बायकांच्या असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नसतो.

ठरल्या दिवशी पुंडलिकराव ट्रकवर लोडर घेऊन आले. सोबत त्यांचा ड्रायव्हर बाबुलाल. सारा गाव बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जमला. मी फेरी मारली. सुपाचे दात मोजले. एक पडला होता.

"वय झालं दिसते याचं," मी म्हणालो.

"खाणीतले गोटे उचलले जी यानं!" पुंडलिकराव म्हणाले. "माती म्हणजे याले दहीभात!"

बाबुलालने गाडी सुरू केली आणि जागच्या जागी अशी गर्रकन फिरवली की लोकांनी टाळ्या पिटल्या. फक्त गोमाजींनी पाठ फिरवली. गावातले सगळ्यात दांडगे हल्ये त्यांचे, आणि यंत्राशी त्यांचं उभं वैर.

तिथेच मी "हूं" म्हणालो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण आमच्याकडे एक रीत आहे. जनावर घेणारा ते स्वतः हाकून पाहतो, मगच दावं हातात घेतो. मी धोतर खोचलं आणि लोडरवर चढलो!

"साहेब, जरा शिकून घ्या," बाबुलाल म्हणाला.

शिकायचं काय त्यात? स्टिअरिंग नव्हतंच. दोन दांडे होते. दोन्ही पुढे ढकलले की गाडी पुढे, डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. अरे, हा तर सरळ सरळ कासरा! मी पाळीवरून असा निघालो, असा निघालो की विचारू नका! लोक बाजूला होत होते. पाळीच्या टोकाला शकुंतलाबाई बायका घेऊन आरतीचं ताट धरून उभ्या होत्या. त्यांच्यासमोर झोकात थांबावं म्हणून मी तेच केलं, जे जन्मभर बैलबंडी थांबवायला केलं. दोन्ही कासरे छातीशी ओढले आणि ओरडलो, "हो, हो रे!"

लोडर थांबला आणि उलटा निघाला!

"खींचो मत! छोडो, छोडो!" बाबुलाल बोंबलत मागून धावला.

आता मला सांगा, जनावर उधळल्यावर कासरा कोण सोडतो? मी आणखी जोरात ओढला. लोडर आणखी जोरात मागे! पाळ संपली. मी आणि लोडर उताराने घसरत, "हो रे, हो रे" करत, बोडीच्या मधोमध जाऊन बसलो. तिथून निघावं म्हणून मी एक दांडा ओढला. गाडीने त्या चिखलात इमानाने गिरक्या घेतल्या आणि प्रत्येक गिरकीला ती खाली गेली. पोट टेकलं तेव्हा कुठे इंजिन बंद पडलं.

गोमाजींनी आपले हल्ये जुंपले. दोर तुटला. पुन्हा जुंपले. पुन्हा तुटला.

पुंडलिकराव शांतपणे म्हणाले, "केवळरामजी, गाडी तुमच्या हातून बुडाली. मिरगाचा पाऊस लागायच्या आत काढून द्या, नाही तं तुम्ही घेतली समजा."

साऱ्या गावाचे डोळे माझ्यावर. बुडालेल्या गाडीची वर्गणी! खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, आपणही लोडरसोबत खाली जावं.

"पाहून काय राहिले गा?" गोमाजीच गरजले. "पावडे आना! बोडीतून बाहेरवरी सडक खांदा!"

आणि काय सांगू! दरवर्षी न येणारा दुसरा आला, तिसरा आला, सारा गाव टोपल्या घेऊन आला. गाडीपासून काठापर्यंत उताराची वाट खणायला घेतली. बंड्यांना वळायला जागा हवी म्हणून वाट रुंद केली. निघालेला काळा, कसदार गाळ गोमाजींनी आपल्या बांधीत नेलेला पाहताच बाकीच्यांना दम निघेना. ज्याने त्याने आपल्या बांधीसाठी खणायला सुरुवात केली. शकुंतलाबाई पदर खोचून बायकांत सगळ्यांच्या पुढे!

मिरगाच्या आदल्या दिवशी लोडर स्वतःच्या चाकांवर बाहेर आला. मागे बोडी अशी खोल आणि चकचकीत, जशी तिच्या मूळ खणणाऱ्यांनीही पाहिली नसेल. माझा ऊर भरून आला. इतका अभिमान मला माझ्या लग्नातही वाटला नव्हता.

"मग? घेता नं गाडी?" पुंडलिकरावांनी विचारलं.

गावाने माझ्याकडे पाहिलं. मी बोडीकडे पाहिलं.

"कायले?" मी म्हणालो. "गाळ कुठं राहिला?"

पुंडलिकराव तोंड पाडून लोडर ट्रकवर चढवत होते, तेवढ्यात शेजारच्या गावचे पाटील मधुकरराव सायकल मारत आले. त्यांचीही बोडी गाळाने भरलेली. पुंडलिकरावांचा चेहरा खुलला.

"या, या जी! पाहा, कशी दणकट गाडी आहे! विकत घेऊन टाका."

"विकत नाही पाहिजे," मधुकरराव म्हणाले. "एका दिवसासाठी किरायानं द्या. पण ड्रायव्हर हा बाबुलाल नोको."

"मग कोण?"

मधुकररावांनी माझ्यापुढे हात जोडले. "केवळरामजी, आमच्याही बोडीत गाडी एकदा अशीच रुतवून द्या नं बाप्पा!"

मी गंभीरपणे "हूं" म्हणालो. नाही कसं म्हणणार? एवढ्या मानाने पहिल्यांदाच कोणी ड्रायव्हर म्हणून बोलावलं होतं!