जळजळीचे ठिकाण

आवक-जावक विभागातल्या जावक लिपिक बाई गेले आठ दिवस खुर्चीच्या कडेवर बसत होत्या. कार्यालयाने 'सुगंधी कार्यालय' मोहीम हाती घेतल्यापासून महिलांच्या स्वच्छतागृहात साबण सुगंधी, टिश्यू सुगंधी आणि कमोड पुसायचं द्रावणही सुगंधी झालं होतं. बाईंच्या कातडीला वासाचं काहीही सोसत नसे. सासूबाई म्हणत, "आमच्या सूनबाईंसमोर अत्तराचं नाव काढलं तरी त्यांना पुरळ येतं."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "संसर्ग नाही. वासाच्या रसायनांनी कातडी चिडलीय. साधं पाणी आणि सुती कपडे, बस्स."

"मग लावू काय?"

"काही लावू नका, हेच औषध. आणि ऑफिसातला तो सुगंध बंद करायला सांगा."

बाईंनी अर्ज दिला. साहेबांनी बोलावून घेतलं.

"त्रास नेमका कुठे होतो?"

"तिथे, साहेब."

"तिथे म्हणजे बेसिनपाशी?"

"नाही हो. तिथे."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं आणि शेरा मारला, 'अर्ज मोघम आहे. ठिकाण स्पष्ट करावे.'

दुसऱ्या अर्जात बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'योनीच्या बाहेरील त्वचेची आग होते.' साहेब त्या ओळीपर्यंत आले आणि त्यांनी कागद पालथा घातला. त्यावर 'गोपनीय'चा शिक्का बसला. गोपनीय कागद संबंधित अधिकाऱ्याखेरीज कुणी वाचायचा नसतो, आणि संबंधित अधिकारी तो वाचायला तयार नव्हते. तरी कार्यवाही दाखवायला हवी, म्हणून नोंदवहीत विषय लागला : 'महिला स्वच्छतागृहातील दुर्गंधीबाबत तक्रार.'

दुर्गंधीवर उपाय तातडीने झाला. भिंतीवर एक यंत्र बसलं. ते दर पाच मिनिटांनी फिस्सकन गुलाब उडवी.

आठवडाभरात टंकलेखिका खुर्ची सोडून उठली. मग रोखपाल बाई. मग मुख्य लिपिक, म्हणजे बड्या बाई.

"उष्णता झालीय गं जरा," बड्या बाई कुजबुजल्या.

"आठ दिवस मीही उष्णताच समजत होते," जावक बाई म्हणाल्या.

शेवटी कार्यालयातल्या सहाही जणी उभ्याने काम करू लागल्या. नेमकी तेव्हाच मुख्यालयाची तपासणी आली. मोठे साहेब दारातच थबकले.

"वा! ही शिस्त! हाच आदर्श सगळ्या शाखांना घालून द्या. महिला कर्मचाऱ्यांच्या खुर्च्या जमा करून घ्या."

जावक बाईंना राहवलं नाही. "मोठे साहेब, ही शिस्त नाही. आग होतेय."

"आग? कुठे?" दोन शिपाई वाळूच्या बादल्यांकडे धावले.

कुठे ते बाईंनी सांगितलं. शुद्ध मराठीत, शेवटच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात. मोठे साहेब खोकू लागले. साहेबांना एक महत्त्वाचा फोन आला. तो वाजला मात्र नव्हता.

बाई सरळ स्वच्छतागृहात गेल्या, स्टुलावर चढल्या आणि त्यांनी यंत्र भिंतीवरून उतरवलं. साबण, टिश्यू, द्रावण सगळं त्याच्यासोबत एका खोक्यात भरलं. बड्या बाईंनी सुतळी आवळली. खोक्यावर मुख्यालयाचा पत्ता आणि जावक क्रमांक पडला, आणि खोकं टपालाने गेलं. पंधरा दिवसांत सहाही जणी, जमा करायच्या राहून गेलेल्या खुर्च्यांना पाठ टेकून पुन्हा बसू लागल्या.

बाईंवर मात्र चौकशी लागली. आरोप : कार्यालयीन वेळेत असभ्य शब्द उच्चारणे. समितीत तिघे वयस्कर, अनुभवी गृहस्थ.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमचा त्रास आम्ही समजू शकतो. पण असा शब्द? चारचौघांत?"

"तो शब्द एवढा वाईट असेल," बाईंनी शांतपणे विचारलं, "तर आपण तिघेही जगात आलात कुठल्या वाटेने?"

अध्यक्षांनी पाणी मागवलं. दुसरे सदस्य चष्मा पुसत बसले. तिसऱ्यांनी त्याच दुपारी कौटुंबिक कारणास्तव राजीनामा दिला. समिती अपुरी पडल्याने चौकशी तिथेच अडकली.

ती जागा अद्याप भरायची आहे. अट एकच, उमेदवार सभ्य हवा. 'त्रास खरा असेल हो, पण हे असं उघड बोलायला नको होतं,' असं वाचता वाचता आपल्या मनात येऊन गेलं असेल, तर अर्ज करण्याची तसदी घेऊ नये. आपली निवड झालेली आहे.