झांजवाल्याच्या कोटातली सहल

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मी आणि मनीषा कोल्हापूर-मालवण फिरायला निघालो, तेव्हा दाराला कुलूप लावताना तिनं एवढंच सुचवलं होतं, "अहो, तुमच्या बॅगेला ही लाल रिबन बांधते. निळ्या बॅगा सगळ्यांकडे असतात."

"बावन्न वर्षांच्या माणसाला स्वतःची बॅग ओळखता येत नाही?" मी म्हणालो. (पुढच्या तीन दिवसांत माझं जे काही झालं, ते या एका वाक्यामुळे झालं.)

नाशिक रोडच्या एका सरकारी कचेरीत मी आवक-जावक सांभाळतो. रोज दोनशे पाकिटं वेगळी करणारा माणूस मी. मी कसली बॅग चुकवतोय! कोल्हापूरला बस थांबली, डिकीतून निळी बॅग ऐटीत उचलली आणि हॉटेलवर दुपारभर झोप काढून संध्याकाळी चेन उघडली.

आत लाल मखमली कोट होता. खांद्यांवर सोनेरी झुपके, छातीवर बटणांच्या दोन रांगा. खाली पांढरी पँट आणि तुरेवाली टोपी.

"तुम्ही सैन्यात चाललाय का?" मनीषानं विचारलं.

कोटाच्या खिशात कार्ड सापडलं: 'झिपरू मास्तर, ब्रास बँड, देवळा'. माझ्या बॅगेत नुसता ब्लेझर नव्हता. येवल्याहून मनीषासाठी गुपचूप आणलेली पैठणी होती. चार महिने ती मी ऑफिसच्या फायलींमागे लपवली होती, आणि लग्नाचा वाढदिवस परवावर आला होता.

घाईघाईनं फोन लावला. (माझ्या बोटाला स्पीकरचं बटण तेवढं अचूक सापडतं.)

"साहेब, तुमनी बॅग आमनाजोडे शे!" झिपरू मास्तर अहिराणीत आनंदानं ओरडले. त्यांचा झांजवाला चंदर आमच्याच बसमध्ये होता आणि माझी बॅग घेऊन पुढे मालवणला गेला होता. देवळ्याची नवरी, मालवणचा नवरा. परवाच्या वरातीसाठी अख्खा बँड मालवणला पोचला होता. "मालवणलेच या, बॅग लई जा. आतमा एक साडी बी शे. नवी कोरी. हात लायेल नही!"

फोन बंद झाला.

"माझ्या साड्या माझ्या बॅगेत आहेत," मनीषा म्हणाली.

"ती... ऑफिसची आहे."

"ऑफिस साडी नेसतं?"

"अगं, निरोप समारंभ आहे. सुलाबाई रिटायर होतायत ना."

"सुलाबाई मागच्या वर्षी रिटायर झाल्या. मी जेवून आलेय."

मग ती पाठ फिरवून झोपली. त्याच टेन्शनमध्ये दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मिसळीचा कट माझ्या टी-शर्टवरून बर्म्युडापर्यंत ओघळला. कपड्यांची दुकानं अकराला उघडणार आणि ठरवलेली गाडी नऊलाच दारात उभी. टॉवेल गुंडाळून नवा राजवाडा बघता येत नाही. शेवटी ती पांढरी पँट आणि लाल कोट चढवला. तो मला बेतून शिवल्यासारखा बसला. (चंदरचं आणि माझं पोट एकाच साच्यातून निघालं असावं.)

संग्रहालयाच्या दारात पाऊल ठेवतो तोच समोरच्या कुटुंबानं मला मध्ये उभं करून फोटो काढला. एका आजोबांनी कडक सलाम ठोकला. तलवारींच्या दालनात तर कुणीतरी विचारलं, "ही खरी आहे का हो?" मी गंभीरपणे "हो" म्हणालो आणि सगळ्यांनी मान डोलावली. कचेरीत बत्तीस वर्षांत माझं एवढं कुणी ऐकलं नव्हतं.

मागून खुदकन आवाज आला. मनीषा पदर तोंडाला लावून हसत होती.

"शर्ट घेऊया का? आता दुकानं उघडली असतील," मी विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "पहिल्यांदाच कुणी तुम्हाला सलाम करतंय. बघू द्या डोळे भरून." मग एकदम गंभीर होऊन, "पण साडीचं मी विसरले नाहीये."

पन्हाळ्यावर तिनं माझे चाळीस फोटो काढले. एकाही फोटोच्या वेळी साडीचा विषय टळला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, मनीषाच्या आग्रहानं तोच कोट घालून, मालवणजवळच्या वरातीच्या गावात पोचलो. माडांच्या सावलीत वरात तयार उभी होती. नवऱ्याच्या मामांनी मला पाहिलं आणि ते कडाडले, "हो झांजवालो आता इलो! मुहूर्त तुझ्यासाठी थांबतलो काय रे?" मी तोंड उघडायच्या आत माझ्या हातात झांजा आल्या.

"अहो, मी तो नाही! चंदर कुठाय?"

झिपरू मास्तरांनी कसनुसं तोंड करून मांडवाकडे बोट दाखवलं. तिथे माझ्या ब्लेझरमध्ये एक गृहस्थ बसले होते. डोक्यावर फेटा, हातात कोकम सरबत. मुलीकडचे कुणी मोठे पाहुणे समजून मंडळींनी चंदरला बळेच बसवलं होतं आणि दोन्ही बाजूंच्या आजोबांनी त्याचे हात धरून ठेवले होते.

"साहेब, पाचच मिनिटं वाजवा," मास्तर कुजबुजले. "माणूस कमी शे."

मी वाजवल्या. ढोल एकीकडे, मी दुसरीकडे. माझ्या झांजेला दचकून घोडा दोनदा थांबला. नवरा मागे वळून बघायला लागला. तेवढ्यात वरातीच्या कडेनं टाळ्या ऐकू आल्या. "एक-दोन, एक-दोन! डावा आधी! माझ्याकडे बघा!" मनीषा शाळेत लेझीम शिकवते. तिला राहवेना. आधी कडेनं, मग थेट पुढे येऊन, उलटं चालत ती हातवारे करू लागली, आणि मी ताल पकडला! ढोलवालाही तिच्याकडे बघून वाजवायला लागला. नवऱ्याची आजी नाचली, मामा नाचले, मीसुद्धा झुपके उडवत नाचलो.

मांडवात पोचल्यावर चंदर माझी बॅग घेऊन धावत आला. आतलं पुडकं काढून त्यानं अदबीनं मनीषापुढे धरलं. "वहिनी, ही तुमची ना?"

"नाही हो. ती यांच्या ऑफिसची."

"तुझीच आहे," मी घामानं निथळत म्हणालो. "येवल्याची. आज पंचवीस वर्षं झाली म्हणून... गुपचूप द्यायची होती."

तिनं घडी उलगडून मोरपंखी पदरावरून हात फिरवला. मग डोळे टिपत म्हणाली, "हा रंग ऑफिसला शोभला नसता."

तीच साडी नेसून ती पंगतीला बसली. मामांनी आम्हाला आग्रह करकरून सोलकढी वाढली आणि संध्याकाळी आम्ही दोघं किनाऱ्यावर अनवाणी फिरलो.

परतल्यावर आठवड्यानं ऑफिसात फोन वाजला. झिपरू मास्तर!

"साहेब, चंदर ओझरला नोकरीला लागी गया. बँडमा जागा रिकामी शे. रविवारले वरात शे."

मी खुर्चीत ताठ बसलो. शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मास्तर, आम्हाला कामं फार असतात. पण तुम्ही एवढं म्हणताय, तर रविवारी जमवू."

पलीकडे मास्तर खाकरले.

"तुम्ही नही हो, साहेब! वहिनींना विचारा, ताल द्यायला येतीन का." आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून मास्तर मायेनं म्हणाले, "तुम्ही बी या संगे. फक्त हात खिशामा ठेवा."