सिंहासनामागचे मास्तर

काष्टीच्या राधाकृष्ण मास्तरांनी सात नाटकं लिहिली आणि पंचवीस वर्षं जत्रेत ती गाजवली. गाजवली म्हणजे काय, तर शिट्ट्यांच्या गदारोळात त्यांचं एक वाक्य गावानं धड ऐकलं नाही. लोक यायचे सूर्यभानची गर्जना ऐकायला. सूर्यभान कायमचा राजा. पाठांतर करणं त्याला कमीपणाचं वाटे. मास्तरांनी विंगेतून वाक्य सांगायचं आणि यानं ते दुप्पट आवाजात फेकायचं, हा रिवाजच पडला होता.

त्र्याहत्तर साली मुंबईहून टीव्हीवाल्यांचं पत्र आलं. जुनी गाजलेली नाटकं टीव्हीवर आणायची होती आणि त्यांना मास्तरांचं 'सिंहासनाची सून' हवं होतं. फक्त, पाच अंकांचं नाटक पंचवीस मिनिटांत बसवून! मास्तरांनी छातीवर दगड ठेवून चार अंक कापले.

"उरलंय तेवढं तरी माणसं ऐकतील," ते बायकोला म्हणाले. "तिथं शिट्ट्या नाहीत."

"पन सूर्यभान पाठ करील व्हय?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"न करायला काय धाड भरलीय? महिना आहे की हातात!"

सूर्यभाननं महिना सत्कारणी लावला. मिशा वाढवल्या.

स्टुडिओत निर्मात्यांनी आधीच बजावलं, "ओरडायचं नाही हं. माइक डोक्यावरच आहे. अगदी हळू बोला."

कॅमेरा सुरू झाला. सूर्यभाननं सिंहासनावर बसून मिशीला पीळ दिला आणि सवयीनं विंगेकडं बघितलं. तिथं विंगच नव्हती. तो बघतच राहिला.

"अहो राजे, बोला ना!" निर्माते ओरडले.

"कुनी सांगितलं तर बोलीन ना!"

"म्हणजे? पाठ नाही?"

"सायेब, पंचवीस वर्सं राजा हाय मी. राजा कुटं पाठ करत बसतो व्हय?"

निर्मात्यांनी कपाळाला हात लावला. "पाचला स्टुडिओ सोडायचाय. तोवर झालं तर झालं, नाहीतर नाटक रद्द."

म्हातारपणी मास्तरांसाठी एकदाच दार उघडलं होतं, तेही मिशीत अडकणार! ते वही घेऊन सिंहासनामागं उकिडवे बसले आणि कुजबुजायला लागले. आता जत्रेच्या शिट्ट्यांवर मात करून तयार झालेली ती कुजबुज! माइकवाला काहीतरी सांगायला धावत आला, पण निर्मात्यांनी त्याला नुसतं घड्याळ दाखवलं.

नाटक लागलं त्या दिवशी मास्तर, मुक्ताबाई आणि सूर्यभान तिघंही पुण्याला, सूर्यभानच्या मेहुण्याच्या शेजाऱ्याकडं जाऊन बसले. तिथं टीव्ही होता, म्हणून सगळी आळीच लोटली होती. पडद्यावर राजा आला. त्यानं तोंड उघडण्याआधीच मास्तरांचा खणखणीत आवाज घुमला, आणि मागून राजानं मांजरासारखं काहीतरी म्यांव केलं. खोलीत हशा उसळला. धरणी दुभंगली असती तर मास्तर आनंदानं आत गेले असते.

पण हसून हसून माणूस किती हसणार? हळूहळू लोक ऐकायला लागले. सुनेच्या शेवटच्या बोलण्याला तर चिडीचूप झालं. सून झालेला नटही सूर्यभानच्याच तालमीतला, पाठ न करणारा, तेव्हा ते बोलणंही मास्तरांच्याच आवाजात ऐकू आलं.

मुक्ताबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"अवो, इतकं चांगलं लिव्हलं हुतं तुमी? मग पंचवीस वर्सं सांगितलं का न्हाई?"

मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी वाक्य सांगायला हवं होतं.

सूर्यभाननं मिशीला पीळ दिला. "बगितलं का मास्तर? नुसत्या मिशीवर नाटक तारलं तुमचं."