चातुर्मासातलं रानडुक्कर

“मेला! मेला! मेला!”

ज्योत्स्नाताई दारातच थबकल्या. हातात प्रसादाची वाटी होती. चपला काढून आत जावं, की तसंच मागे फिरून भजनी मंडळातल्या बायकांना बोलावून आणावं, हे त्यांना ठरवता येईना. वसंतराव दिवाळीपासून अंथरुणाला होते आणि ज्योत्स्नाताईंनी आपल्या मनाची तयारी बरीच आधी करून ठेवली होती.

“कोण गेलं गं रजनी?” त्यांनी बाहेरूनच हळू आवाजात विचारलं.

“डुक्कर,” रजनीबाई आतून म्हणाल्या. “या ना, बसा.”

आत वसंतराव टीव्हीसमोर खुर्चीत बसले होते. मांडीवर उशी, उशीवर व्हिडिओ गेमचं बटणांचं हँडल. टीव्हीवर एक बुटका कुऱ्हाडवाला रानातून पळत होता आणि समोर येईल त्याला कुऱ्हाड फेकून मारत होता.

लकव्यानं वसंतरावांचा उजवा हात नेला होता, आणि वाचाही. चांदनी स्टेशनच्या खिडकीत त्या हातानं जन्मभर तिकिटं दिली होती. आता तो मांडीवर पडून असे, दुसऱ्या कोणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. वसंतरावांनी तो एकदा दाबला, तो कपाटाखाली गेला आणि त्याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. मग आषाढात त्यांचा मुलगा सागर इंदूरहून आला. माळ्यावरचा त्याच्या लहानपणीचा गेम आता चालत नव्हता, म्हणून तसले सगळे जुने गेम भरलेली एक छोटी डबी त्यानं टीव्हीला जोडली आणि हँडल बापाच्या हातात दिलं. दिशा डाव्या हातानं, बटणं उजव्या अंगठ्यानं. तिसऱ्या दिवशी समोरून रानडुक्कर आलं आणि अंगठा हलला. डुक्कर पडलं, आणि वसंतरावांच्या तोंडून इतक्या महिन्यांनी पहिला शब्द निघाला. तो रजनीबाईंनी ऐकलेला सगळ्यात गोड शब्द होता. तोच शब्द ज्योत्स्नाताईंनी दारात ऐकला होता.

अडचण एवढीच होती, की त्याच आठवड्यात रजनीबाईंनी देवळात हातावर पाणी सोडून नेम घेतला होता. ‘कार्तिकीपर्यंत माझ्या घरात कुठल्याही जीवाची हत्या होणार नाही. यांचा हात तेवढा परत दे.’ तेव्हापासून घरात मच्छरची अगरबत्ती बंद होती. साखरेच्या डब्यातल्या मुंग्यांना वेगळी वाटी होती. रात्री तापीकडून येणारे डास दोघांना मनसोक्त चावत आणि तृप्त होऊन भिंतीवर बसत. रजनीबाई त्यांच्याकडे बघत विठ्ठलाचं नाव घेत. हात हलला तो नेमामुळे, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

ज्योत्स्नाताई खुर्चीच्या टोकावर बसल्या. टीव्हीवर कुऱ्हाडवाल्यानं नदीतला मासा मारला. काठावरचं कासव मारलं. मग पुन्हा डुक्कर.

“रजनी,” त्या म्हणाल्या, “हे काय करून राहिले भाऊ?”

“अंगठ्याचा व्यायाम आहे तो.”

“व्यायाम? अगं, मत्स्य झाला, कूर्म झाला, वराह झाला! ओळीनं अवतार मारून राहिले ते! आणि तुझा नेम कशाचा? अहिंसेचा ना? घरात हत्या नाही म्हणालीस, मी साक्षीला होते. टीव्ही काय घराच्या बाहेर आहे?”

रजनीबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि नेम मोडला, तर देवानं दिलेला अंगठा देव परत नेणार, यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

रात्रीपर्यंत वाट न बघता त्यांनी सागरला फोन लावला.

“सागर, त्या गेममध्ये नरसिंहही आहे का रे?”

“शेवटच्या लेव्हलला सिंह आहे. पण पूर्ण सिंह आहे. का गं?”

त्यांनी सगळं सांगितलं. सागर हसला नाही. तो सरसावून बसला, हे फोनवरही कळलं.

“मम्मी, टेन्शन नको घेऊ. याला मॉड असतात. जुन्या गेमचे शौकीन लोक घरी बसून त्यात बदल करतात. चित्रं बदलतात, नियम बदलतात, आणि फुकट वाटतात.”

“म्हणजे अभंग तोच, चाल आपली. तसं?”

“हां, बिलकुल वैसेच!”

कुणाला कुठला मॉड मानवेल हे सांगणं, ही सागरची जगातली एकमेव हौस होती. त्याचं इंटरनेटवर त्यासाठी एक पान होतं. कुठून कुठून लोक त्यावर त्याचा सल्ला घेत. घरात मात्र त्याला लग्नाशिवाय कुणी काही विचारलेलं नव्हतं. पुढच्या शनिवारी तो एवढे मॉड घेऊन आला, की रजनीबाईंना साडीच्या दुकानात बसल्यासारखं वाटलं.

“ये वाला बघ. एकदम सात्त्विक. कुऱ्हाडीच्या जागी कमळ फेकतो.”

वसंतरावांनी कमळ फेकलं. डुक्कर पडलं. “मेला!” वसंतराव म्हणाले.

“फुलानं मारलं तरी मारलंच ना?” ज्योत्स्नाताई म्हणाल्या. तपासणीसाठी त्या मुद्दाम आल्या होत्या.

“मग हा. यात मरत नाहीत, झोपतात.”

“उठतात का?”

“नाही उठत, आंटी. गेम पुढे जातो ना.”

“मग बाबा, तिला झोप नाही म्हणत.”

शेवटी सागरनं ठेवणीतला मॉड काढला. त्यात कोणीच शत्रू नव्हता. कुऱ्हाडही नव्हती. तो माणूस हिरव्यागार रानातून चालत जायचा आणि वाटेत केळी यायची, ती खायचा. मागे बासरी वाजायची.

“केळी उपासाला चालतात,” ज्योत्स्नाताई म्हणाल्या, आणि गेम मंजूर झाला.

इथवर ठीक होतं. पण ज्योत्स्नाताईंनी ही गोष्ट मंडळात सांगितली. एकादशीला दोघी बघायला आल्या, पुढच्या एकादशीला सगळ्याच आल्या. “माझ्याही नातवाला सांग ना रे सागर, असा एखादा चांगल्या वळणाचा,” असे फोन इंदूरला जाऊ लागले. एका दुपारी ज्योत्स्नाताईंनी “भाऊ, जरा बघू हं,” म्हणून वसंतरावांच्या मांडीवरचं हँडल उचललं आणि दिवेलागणीपर्यंत केळी खाल्ली.

वसंतराव काही बोलले नाहीत. बोलणार काय? रानात मारायला कोणी नव्हतं. चालायचं, तर दिशेचं बटण डाव्या हाताला. केळी तर चालता चालता आपोआपच खाल्ली जात. उजव्या अंगठ्याला काही कामच उरलं नव्हतं. तो आधी हँडलवर नुसता पडून राहू लागला, मग हँडलवरून घसरला, मग पुन्हा मांडीवर आला. शब्दही गेला. बासरी वाजत राहायची, बाहेर गल्लीतल्या कापडाच्या लूमची खटखट चालायची आणि वसंतराव खिडकीबाहेर बघत बसायचे. कुठल्याही गाडीची वेळ नसलेल्या स्टेशनावर बसतात तसे.

भाद्रपदात डॉक्टरांनी तो हात उचलून सोडला. तो धप्पकन पडला.

“काकू, छान सुधारत होता की. व्यायाम बंद केला का?”

रजनीबाईंनी त्यांना रिक्षातून घरी आणलं. नेम अगदी शुद्ध चालला होता. एक मुंगी मेली नव्हती. आणि हात गेला होता. देवघरापुढे बसून त्यांनी विठ्ठलाकडे बराच वेळ पाहिलं. भांडण त्यांना कधी येत नसे. “मला कळत नाहीये,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि आपलं रडणं वसंतरावांना ऐकू जाऊ नये म्हणून जोरजोरात घंटी वाजवली.

मग उठून फोन लावला.

“सागर, तुला चित्र बदलता येतं का रे? तुझं तुला?”

“येतं ना. का?”

“त्या पहिल्या गेममध्ये जनावरांच्या जागी मला घाल.”

“मम्मी, पप्पा तुला कुऱ्हाड मारतील.”

“मारू दे. पण मी मरायचं नाही. पडायचं आणि परत उठायचं. त्यात मला नवीन काय आहे? म्हणजे हत्या होणार नाही आणि यांचा अंगठाही चालेल. हिरवं लुगडं घाल. हातात औषधाची वाटी दे. आणि नथ.”

“नथ नाही बसत गं. नाकच नाही तुला. एवढ्याशा ठिपक्यांत नाक कुठून आणू?”

“मग राहू दे.”

शनिवारी सागर आला. त्याचा चेहरा उतरला होता. शेकडो लोकांना त्यानं मॉड सुचवले होते, असा एकही सुचवला नव्हता. त्यानं गेम लावला, कुऱ्हाडवाला बापाच्या हाती दिला आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

रान सुरू झालं. बासरी नव्हती. समोरून हिरव्या लुगड्यातली एक बोटभर बाई वाटी घेऊन ठुमकत येऊ लागली.

वसंतरावांनी निरखून पाहिलं. मग मान वळवून शेजारी बसलेल्या खऱ्या बाईकडे पाहिलं. पुन्हा टीव्हीकडे.

“मारा ना,” रजनीबाई हलकेच म्हणाल्या. “मला काही होत नाही.”

बाई जवळ आली. अंगठा थरथरला. रजनीबाईंनी डोळे मिटून घेतले. कुऱ्हाडीचा आवाज काही आला नाही. डोळे उघडले तेव्हा कुऱ्हाडवाला हवेत होता. तो बाईच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे उतरला. लगेच दुसरी बाई आली, तिच्यावरूनही उडी. मग दोघी एकदम आल्या. कुऱ्हाडीचं बटण शेजारीच होतं, पण अंगठा तिकडे वळेना. वसंतरावांच्या कपाळावर घाम आला. अंगठा खाली, वर, खाली, वर. डुकरांसाठी तो कधी एवढा धावला नव्हता.

मग पुलावर एक बाई आडवी आली. खाली नदी, वर फांदी, उडीला जागाच नाही. ती वाटी घेऊन पुढेच यायला लागली. औषधाच्या वेळी खरीही अशीच येत असे. वसंतरावांचे ओठ वाकडे झाले, गाल थरथरला.

“स... सरक!” ते ओरडले. “सरक गं!”

सागरनं दाराची चौकट धरली.

नेमक्या त्याच वेळी ज्योत्स्नाताई केळी खायला आल्या आणि सवयीनं थेट टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. “काय रे सागर, बासरी नाही आज?”

“सरक गं!” वसंतराव गरजले.

ज्योत्स्नाताईंना आयुष्यात कोणी ‘सरक’ म्हटलं नव्हतं, आणि ‘गं’ तर नाहीच. त्या सरकल्या. सरकत सरकत पार ओसरीपर्यंत गेल्या. तिथून त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, “रजनी, हे तुझ्या नेमात बसतं का?”

“कोणी मेलं नाही, ताई,” रजनीबाई म्हणाल्या.

पुलावरची बाई अजून उभीच होती. वसंतराव मागे हटले, थांबले, पुन्हा पुढे आले. मारणं त्यांच्या मनात नव्हतं आणि दुसरा रस्ता नव्हता. असं किती दिवस चालेल, हात पुरता येईल का, ‘सरक’नंतर तिसरा शब्द येईल की नाही, हे कोणालाच सांगता आलं नसतं. रजनीबाईंनी ते देवालाही विचारलं नाही. त्या फक्त शेजारी बसून राहिल्या.

तेवढ्यात एक डास येऊन त्यांच्या कोपरावर बसला. आषाढापासून अशा प्रत्येकाला त्यांनी मुकाट पोटभर पिऊ दिलं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं आणि हलकेच फुंकर घातली.

“सरक,” त्या म्हणाल्या.