ठोंबरे सरांचं सोपं पत्रक

ठोंबरे सरांनी वाक्य सांगायला घेतलं की मी गॅसवर चहा ठेवते. चहा उकळतो, आम्ही दोघं पितो, कप धुऊन होतात, आणि वाक्य अजून चालूच असतं! खोटं वाटतं? हे घ्या, माझ्या फोनमध्ये अजून आहे: ‘समकालीन राष्ट्रवादी संवेदनेच्या अंतर्गत कार्यरत असलेल्या बहिष्करणाच्या सांस्कृतिक व्यवहाराचे भौतिक अधिष्ठान तपासू जाता...’ इथून पुढं अकरा ओळी. एकदा मी माझ्या मनानं मध्येच पूर्णविराम टाकला, तर सरांनी काढायला लावला.

“पोरी, विचार चालू हाय अजून. मधातच काहून थांबवतं त्याले?”

सर आमचे शेजारी. अमरावतीहून रोज एस.टी.नं अकोल्याला जाऊन कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. आता रिटायर झालेत. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा बंगलोरला. मी घरी बसून एमपीएससीचा अभ्यास करते आणि माझं टायपिंग फास्ट आहे, एवढ्याच गुन्ह्यावर त्यांनी मला पकडलं.

गंमत म्हणजे बोलताना माणूस शंभर टक्के वऱ्हाडी. लिहायला बसला की अंगात कोणी दुसराच येतो. आणि डावे इतके की जगातल्या सगळ्या गोष्टींचं कारण एकच, ‘हे वर्गीय आहे.’ नळाला पाणी नाही? वर्गीय. माझी प्रिलिम दोन मार्कांनी गेली? वर्गीय. (हे मला फार आवडलं. घरी आईला सांगून पाहिलं, तिला नाही आवडलं.)

देव मानत नाहीत, पण हनुमान मंदिराच्या भंडाऱ्यात पहिल्या पंगतीत हजर. मी म्हटलं, “सर, तुम्ही इथं?”

“श्रद्धा नाई वं. अन्नाचं समान वाटप कुठं होते का, ते पाहाले आलो.”

त्या समान वाटपात त्यांनी वांग्याची भाजी तीनदा घेतली.

त्यांच्या खिडकीसमोर गुल्हाने काकांचं घर. काका आमच्या कॉलनीचे अध्यक्ष, आणि आतापर्यंत तीन पक्ष फिरून आलेले. नव्या पक्षाचा फ्लेक्स गेटवर लागतो, जुना पावसाळ्यात कुलरवर पांघरतात आणि त्याच्याही आधीचा स्कूटरवर. सर मला खिडकीशी बोलावून दाखवतात, “हे पाय. गेटवर वर्तमान, कुलरवर इतिहास. पुस्तक घ्याचं कामच नाई.”

पण हे सगळं ऐकायला होतं कोण? मी पगार नसलेली टायपिस्ट, मला पळता येत नाही. आणि दुसरे सलीमभाई. कॉलनीच्या गेटपाशी त्यांची फळांची गाडी. सर रोज सकाळी आठला तिथं जाऊन आदल्या दिवशीचं लिखाण मोठ्यानं वाचणार, आणि सलीमभाई संत्री रचता रचता म्हणणार, “वाह सर! क्या बात!”

“त्यांना समजतं का हे?” मी एकदा विचारलं.

“तो श्रमिक हाय. त्याले समजते. तुमाले समजत नाई.”

मग एका सोमवारी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज पडला. ‘खरे देशभक्त असाल तर फळं आपल्याच माणसाकडून घ्या. गेटवरची गाडी हटवण्याबाबत रविवारी मीटिंग. – गुल्हाने.’ खाली अंगठेच अंगठे.

आणि ऐका ना, दुसऱ्याच दिवशी हेच गुल्हाने काका आपल्या घराच्या मागच्या दारात उभे राहून सलीमभाईंना म्हणत होते, “गोड हायेत ना रे? दोन डझन दे. अन् समोरून नको येऊ, मांगून येत जाय.” मी आणि सर, दोघांनी मागच्या गल्लीच्या टोकावरून हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं!

सर एवढे संतापले की सलग दोन दिवस पत्रक सांगत राहिले. वरचं वाक्य त्याच पत्रकातलं. मागच्या दाराचा प्रसंगही त्यात होता: ‘सार्वजनिक निषिद्धता आणि खासगी उपभोग यांच्यातील अंतर्विरोध.’

“सर, हे संत्र्यांबद्दल आहे?”

“मंग कायच्याबद्दल हाय, बाप्पा?”

शुक्रवारी मी ते घेऊन घरोघर सह्यांना निघाले. मला वाटलं शिव्या पडतील. पण सगळ्यांनी सही केली, अख्ख्या कॉलनीनं! ‘सरांचं आहे ना? मग चांगलंच असेल.’ गुल्हाने काकांनी उभ्याउभ्या ओठ हलवत वाचलं, ‘राष्ट्रवादी संवेदने’पर्यंत आले आणि खुश झाले. “वा! हेच पायजे होतं!” सगळ्यात मोठी सही त्यांची. वर फोटो काढून ग्रुपवर टाकला: ‘ठोंबरे सरांसारखे विद्वानही गाडी हटवण्याच्या बाजूने.’

शनिवारी सर आठला गेटवर गेले, तर गाडी नाही. चाकाखाली लावायची वीट तेवढी पडलेली. सर हातात कागद घेऊन त्या विटेपाशी उभे. मी स्कूटी काढली, त्यांना मागे बसवलं आणि सलीमभाईंचं घर गाठलं.

सलीमभाई दारातच भेटले. आवाज नेहमीचाच, पण नजर खाली. “सर, आपनेच लिखा बोले. सगळ्यायच्या सह्या हायेत बोले. मंग मी कोनासाठी उभा राहू?”

“अरे, ते तुह्या बाजूनं हाय! तुले वाचून दाखवलं होतं ना मी, गुरुवारी?”

सलीमभाई म्हणाले, “सच्ची बोलू सर? नाराज नका होऊ. मले आजपर्यंत तुमचं एक अक्षर नाई समजलं.”

“मंग रोज ‘वाह’ काहून म्हने रे?”

“भाभी गेल्यापासून तुमी कोनाशी बोलतच नोहते ना. म्हनलं, बोलू द्या.”

घरी आल्यावर सर म्हणाले, “लिही.” मी सवयीनं चहा ठेवायला उठले.

“बस. चाय नको. लहान हाय.”

आणि सांगितलं, जसं बोलतात तसं: ‘सलीमची गाडी गेटवरच राहीन. तो मुसलमान हाय म्हून त्याले हटवता, अन् मांगच्या दारातून त्याचेच संत्रे खाता. तुमी सह्या केल्या त्या कागदात हेच होतं. तुमाले समजलं नाई, ही चूक माही.’ प्रत्येक पूर्णविराम त्यांनी स्वतः सांगितला!

“झालं?”

“अजून एक. ‘तो नसला तं सकाळी मले बोलाले कोनी नाई.’”

माझी बोटं थांबली. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, “सर, हे पण वर्गीय?”

“नाई,” खिडकीबाहेर बघत ते म्हणाले. “हे माहं हाय. टाइप कर.”

रविवारच्या मीटिंगमध्ये सरांनी ते वाचलं, अर्ध्या मिनिटात. यावेळी मात्र सगळ्यांना सगळं समजलं, म्हणून जो गोंधळ झाला! “सर, हे आरोप खोटे हायेत!” गुल्हाने काका ओरडले. मागून गुल्हाने काकू उभ्या राहिल्या. “संत्रे मीच सांगतले होते. मांगून काहून आनले, ते याह्यलेच इचारा.” मीटिंग तिथंच मोडली. नव्या पत्रकावर सह्या पडल्या पाच, त्यातली एक गुल्हाने काकूंची. गेटचा निर्णय लटकलेलाच राहिला.

सरांनी निर्णयाची वाट पाहिली नाही. स्वतःच्या कंपाउंडचं फाटक उघडलं, आपल्या गेलेल्या बायकोची तुळस होती तिच्या बाजूला जागा झाडली आणि गेटवरची ती वीट उचलून आणून ठेवली. सोमवारी आठला गाडी तिथं उभी होती.

मी गच्चीवरून बघत होते. सर नवीन काहीतरी वाचत होते, लांबलचक, श्वास न घेता. सलीमभाई संत्री रचत होते. मग त्यांचा हात थांबला.

“सर, नाई समजलं.”

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. कागदाची घडी केली, खिशात टाकली आणि बाजूची रिकामी पेटी ओढून तिच्यावर बसले.

“बरं. आयक, पुन्हा सांगतो.”